शंभर एमबी आणि बावीस घरं

सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या आपांनी दार वाजवलं तेव्हा मी फार खुशीत होते. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या लॅपटॉपवरून विकतच्या सिस्टिमचा शेवटचा अंशही पुसून टाकला होता. आता तिथे फक्त मुक्त, मोफत लिनक्स. जेद्दातल्या आमच्या इमारतीत, निदान तिसऱ्या मजल्यापुरतं, स्वातंत्र्य आलं होतं. चहा उकळत होता आणि मी मनातल्या मनात या विजयाचं पत्रक लिहीत होते.

"बाय, हा उठत नाय," आपा म्हणाल्या. पापडाचं ताट उन्हात न्यावं तसा त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरला होता. पडदा काळा होता आणि त्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ होती. तिचा अर्थ असा, की या यंत्रात चालू करण्याजोगं काहीही सापडलं नाही.

"चार्जर लावला होता?"

"लावला, काढला, परत लावला. बिस्मिल्ला म्हणून पण लावला. आज हळद हाय गो!"

चहा उतू गेला.

हळद त्यांच्या भावाच्या मुलीची होती, रायगडच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावी. भाईंच्या, म्हणजे आपांच्या नवऱ्याच्या, इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकलं होतं, त्यामुळे आपांचं जाणं राहिलं होतं. त्या गेल्या नाहीत तरी त्यांच्याकडचं गाणं जाणार होतं, आणि सगळं त्या गाण्यावरच अडलं होतं.

हे गाणं मोहल्ल्यातल्या घरांचं आहे. विहिरीवरच्या घरापासून सुरू होतं आणि खाडीकाठच्या शेवटच्या घरापाशी थांबतं. बावीस घरं, ठरलेल्या क्रमाने. ज्या घराचं कडवं येईल त्या घरची बाई उठते, नवरीला हळद लावते, आणि मग पुढचं घर. एखादं घर राहिलं तर ते घर लग्नात राहत नाही. मागच्या एका लग्नात 'बोरीखालचं घर' राहिलं होतं. त्या घरच्या बायका बिर्याणी न खाता उठल्या आणि अजून कुणाशी बोलत नाहीत. विहिरीची वाट त्यांच्या अंगणातून जाते, म्हणून मोहल्ल्यातल्या बायकांना वळसा घालून जावं लागतं. हे सगळं आपांनी मला सांगितलं तेव्हा मला एखाद्या संपाची हकिगत ऐकल्यासारखं वाटलं होतं.

बावीस घरं क्रमाने पाठ असलेली एकच बाई उरली होती, आपांची फुफी, म्हणजे आत्या. आणि फुफीला हल्ली सकाळचा चहा घेतला की नाही तेही आठवत नव्हतं.

पण गेल्या वर्षी ती मक्केला उमऱ्यासाठी आली होती आणि वाटेत आपांकडे उतरली होती. गावाकडचं कुणीही उमऱ्याला आलं की आपांकडे दोन दिवस राहतंच. येताना सुके बोंबील, कोकमं, तांदळाचं पीठ घेऊन येतात. आपा ते सगळं फडताळात टाकतात आणि मग पाहुणीला गाणं विचारतात. गाणं सांगितल्याशिवाय झोपायला चादर मिळत नाही, असं भाई म्हणतात. अशी त्यांनी साठेक गाणी जमवली होती, फोनवर रेकॉर्ड करून. त्यातच हे बावीस घरांचं.

आता माझा भाग. फोन भरला म्हणून ती सगळी गाणी लॅपटॉपवर मी हलवली. फोनवरची मी पुसली. "कुठंतरी वर पण ठेव की, ढगात का कुठं ठेवतात ते," असं आपा म्हणाल्या होत्या. त्यांना ठणकावून "आपली गाणी दुसऱ्याच्या कोठारात ठेवायची नाहीत" असं सांगणारीही मीच. आणि काल लॅपटॉपवर जागा कमी पडते म्हणाल्या, तेव्हा हर्षभराने जागा करून देणारीही मीच.

असा प्रचार माझ्या अंगवळणीच पडलेला आहे. नाशिकला आमच्या घरात वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त असायची. पाणीटंचाईची, फीवाढीची, झाडं तोडल्याची. वडील लिहायचे, आई शुद्धलेखन तपासायची आणि मी घड्या घालायचे. पहिल्या ओळीत उद्गारचिन्ह, दुसऱ्या परिच्छेदात 'याला जबाबदार कोण?' आणि शेवटी सभेची वेळ. लग्न करून इथे आले तेव्हा कागद वाटत फिरण्याची सोय नव्हती. मग मुक्त सॉफ्टवेअरवर दोन पानी मजकूर लिहून इमारतीतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकला. एकीने अंगठा दाखवला, एकीने गुलाबाचं फूल पाठवलं. पूर्ण वाचला फक्त आपांनी. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "म्हंजे हे कुणाच्या बापाचं नाय, असंच ना? मग टाक माझ्यावर."

एवढा विश्वास माझ्या एकाही पत्रकावर आजवर कुणी टाकला नव्हता.

"गावात किती वाजता बसतायत?" मी विचारलं.

"चारला."

म्हणजे आमचे दीड. साडेपाच तास होते. मी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि कामाला लागले.

यंत्र चालू करताना एक बटण दाबून धरलं की त्याच्या पोटातली सेटिंग्ज उघडतात. कुठून सुरू व्हायचं, आधी कुठे बघायचं, मग कुठे, असा क्रम तिथे लिहिलेला असतो. मला वाटलं, तो क्रम बिघडला असणार. क्रम बदलला. काळा पडदा. सिक्युअर बूट नावाचा एक पहारेकरी असतो, तो बंद केला. काळा पडदा. परत चालू केला. तारीख बघितली, डिस्क दिसते का बघितलं. डिस्क दिसत होती. म्हणजे ती मेलेली नव्हती, एवढं तरी कळलं. पण त्या यादीत, जिथे लिनक्सचं नाव असायला हवं, तिथे काहीच नव्हतं. मी पुन्हा क्रम बदलला. चौथ्यांदा. क्रमात एकच नाव असताना त्याचा क्रम बदलणारी बाई कशी दिसते ते आपा समोर बसून पाहत होत्या.

"ती जुनी सिस्टिमच जाता जाता कायतरी करून गेली असंल," त्या समजुतीने म्हणाल्या. "घालवलेल्या भाडेकरूसारखी."

मी त्यावर मान डोलावली. ते मला नीट आठवतं.

साडेनऊला नवऱ्याला फोन केला. तो पुण्याचा, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर इंजिनिअर, आणि माझ्या या उद्योगांकडे तो फार प्रेमाने दुर्लक्ष करतो.

"आपांचा लॅपटॉप सुरू होत नाहीये."

"काल तर क्रांती झाली होती ना?"

"अरे, चेष्टा नको. आज हळद आहे त्यांच्याकडे."

"मग असं कर, एक निषेधाचं पत्रक काढ. लॅपटॉप घाबरून सुरू होईल."

"ठेवते मी."

"ऐक ऐक. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालव आणि आत काय दिसतं ते बघ. बाहेरून दार वाजवत काय बसलीस?"

बरोबर होतं. हे मला सुचायला हवं होतं, पण मला यंत्र *दुरुस्त* करायचं होतं. पेनड्राइव्हवरून चालवणं म्हणजे हार मानणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

माझा पेनड्राइव्ह मी प्रचारासाठी कुणालातरी दिला होता, आणि प्रचारात दिलेली वस्तू परत येत नाही. आपांच्या घरात एकच होता, आणि तो भाईंच्या गाडीत. त्यात कुराणाचं पठण, तिलावत, होती. पोर्टवर कामाला जाताना रस्त्यात ते ती ऐकतात. भाईंची ड्युटी दहाला. मी अबाया अंगावर ओढला आणि तीन जिने उतरून खाली धावले. ते गाडी बाहेर काढत होते.

"भाई, पेनड्राइव्ह हवाय."

"कशाला?"

"आपांचा लॅपटॉप… म्हणजे पेनड्राइव्ह एकदा पुसावा लागेल."

भाईंनी गाडीचं इंजिन बंद केलं. "पुसावा लागंल."

"आधी सगळी तिलावत माझ्याकडे उतरवून घेते. संध्याकाळी जशीच्या तशी परत घालून देते."

"काल पण तू हेच बोललीस. 'भाई, सगळं जसंच्या तसं हाय.' मी दारात उभा होतो."

त्यांनी पेनड्राइव्ह काढला, दोन बोटांत धरला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"यल्ला, घे. आज मी गाडीत ट्रॅफिक ऐकतो."

तिलावत मी माझ्या लॅपटॉपवर उतरवली. दोनदा. एका फोल्डरमध्ये आणि मग दुसऱ्याही फोल्डरमध्ये, तेवढी अक्कल सकाळपासून आली होती. मग लिनक्स उतरवायला लावलं. नेट इतकं हळू, की आपांनी तेवढ्यात घरी जाऊन घावन करून आणले. दर पाच मिनिटांनी गावाहून फोन. एकदा भावजय, एकदा भाऊ, एकदा नवरी स्वतः.

"येतंय, येतंय," आपा प्रत्येकाला सांगत होत्या. "फाइल मोठी हाय ना, टाइम लागतो." मग फोन ठेवून माझ्याकडे बघत. मी घावन खात होते.

सव्वाअकराला पेनड्राइव्ह तयार झाला. लॅपटॉपला लावला, बटण दाबलं, आणि पडदा उजळला. त्यांचं नव्हे, पेनड्राइव्हवरचं लिनक्स. मी डिस्कचा नकाशा उघडला.

आणि कळलं.

डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तुकडा असतो. शंभर एमबीचा, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षाही लहान. बटण दाबल्यावर यंत्र आधी तिथे जातं. सिस्टिम कुठे आहे आणि तिला कसं उठवायचं ते तिथे लिहिलेलं असतं. हा तुकडा त्या विकतच्या सिस्टिमने लॅपटॉप घेतला त्या दिवशी बनवला होता. मागाहून आलेल्या लिनक्सने नवा तुकडा न बनवता आपलं बिऱ्हाड त्यातच एका कोपऱ्यात थाटलं होतं. दोघांचा तो सामाईक होता. आणि काल मी, शत्रूची एकही खूण शिल्लक ठेवायची नाही या भरात, मोठ्या तुकड्यापाठोपाठ तो लहान तुकडाही निवडून पुसला होता. यंत्राने 'खात्री आहे?' असं विचारलं होतं. माझी होती. चालू सिस्टिमला काल काही जाणवलं नाही, कारण ती आधीच उठलेली होती. रात्री आपांनी लॅपटॉप बंद केला आणि सकाळी त्याला उठवणारं कुणी राहिलं नव्हतं.

जुनी सिस्टिम जाताना लाथ मारून गेली नव्हती. ती मी मारली होती.

पण मोठा तुकडा, लिनक्सचा, आपांच्या फायलींचा, जागच्या जागी होता. मी लगेच नवा छोटा तुकडा बनवायला घेतला. कसा बनवायचा ते मला माहीत होतं, अर्ध्या तासाचं काम. यंत्र आपल्या पायावर उभं राहील, आपांचा नेहमीचा पडदा उजळेल आणि मग त्या स्वतःच्या हाताने गाणं पाठवतील, असं चित्र मी रंगवत होते.

आपा उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"गाणी आत हायत?"

"हो आपा, सगळी आहेत. हे बघा. आता फक्त—"

"दिसतायत?"

"दिसतायत. पण आधी हे दुरुस्त करून—"

"बाय," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जोरातच. "आधी गाणं दे. मग तुला त्याची सुंता करायची तर सुंता कर."

मी हसले आणि थांबले. मी त्यांच्यासाठी घाई करत नव्हते, माझ्यासाठी करत होते. नवा तुकडा बनवताना हात चुकला असता तर? सकाळपासून मी ज्या कुशलतेने वागत होते ते पाहता हात चुकणं अजिबात अशक्य नव्हतं. गाणं उचलून माझ्या लॅपटॉपवर आणलं. वाजवून पाहिलं. आधी खोकला, मग आपांचा आवाज, "फुफी, म्हण ना," आणि मग फुफीचा, जरा किनरा, पण घट्ट: विहिरीवरचं घर. आपा खुर्चीवर बसल्या आणि बावीसच्या बावीस घरं बोटांवर मोजत ऐकलं. मग पाठवलं. बाराला दहा कमी असताना गावाहून फोन आला, नवरीचा, "पोचलं, पोचलं!" त्यानंतर साठच्या साठ गाणी मी दोन ठिकाणी ठेवली, एक प्रत पोर्टवर भाईंच्या फोनलाही पाठवली, आणि मगच दुरुस्तीला हात घातला.

दुरुस्ती तशी सरळ होती. मोकळ्या जागेत नवा शंभर एमबीचा तुकडा, त्यात उठवणाऱ्याची नव्याने स्थापना. पहिल्यांदा पडदा उजळला आणि मध्येच दीड मिनिट अडकून बसला. लिनक्सच्या एका यादीत जुन्या तुकड्याचा क्रमांक लिहिलेला होता आणि ते बिचारं मेलेल्या तुकड्याची वाट बघत होतं. यादीत नवा क्रमांक लिहिला. पुन्हा बटण. एक वाजून दहा मिनिटांनी आपांच्या नातवाचा दात पडलेला फोटो पडद्यावर आला, जसा रोज येतो.

"झालं?"

"झालं."

"खलास?"

"खलास."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. आता काल काय झालं ते सांगायची गरजही नव्हती.

दीडला गावाहून व्हिडिओ कॉल आला. मांडवात पन्नासेक बायका, मध्ये पिवळ्या ओढणीत नवरी, आणि तिच्या शेजारी, पाठीला दोन उशा लावलेली फुफी. कुणीतरी गाणं स्पीकरवर लावलं. फुफीने तीन घरं ऐकली, मग हात झटकला.

"बंद करा ते. कोण म्हातारी हाय ही? बेसूर म्हणते."

मांडव हसला. आणि फुफी स्वतःच गाऊ लागली. चौथं घर, पाचवं, सहावं. बायका उठत होत्या, हळद लावत होत्या, फुफी डोळे मिटून पुढे जात होती. आपांनी माझा हात घट्ट धरला होता. दहावं घर झालं. आणि फुफी थांबली. तोंड उघडं, सूर संपलेला. पुढचं घर बोरीखालचं होतं. मांडवाच्या मागच्या बाजूला, खुर्च्यांवर, त्या घरच्या बायका आल्या होत्या हे आता फोनमध्ये दिसलं.

"लाव गो, लाव!" आपा इकडून फोनमध्ये ओरडल्या. "अकराव्यापासून!"

कुणीतरी घाईघाईने गाणं पुढे सरकवलं. नवव्यावर गेलं, बाराव्यावर गेलं, मग सापडलं. फुफीचाच आवाज, गेल्या वर्षीचा: बोरीखालचं घर. मागच्या खुर्च्यांमधून एक जाडजूड बाई उठली. तोंड फुगवलेलंच होतं, पण उठली, आणि तिने नवरीच्या दोन्ही गालांना नको तितकी हळद फासली. मांडवात एकदम गलका झाला. फुफी पुढे गायला लागली आणि बाविसाव्या घरापर्यंत थांबली नाही.

सगळं आटपल्यावर भावजय फोनजवळ आली. "आपा, सकाळपासून जीव टांगणीला लावलास! उशीर का झाला एवढा?"

"अगो, त्या जुन्या सिस्टिमने जाताना—" आपांनी सुरू केलं.

मी लहानपणी किती पत्रकांच्या घड्या घातल्या असतील! 'याला जबाबदार कोण?' आणि त्याखालचं उत्तर मला तोंडपाठ होतं. कधी नगरपालिका, कधी ठेकेदार, कधी संस्थाचालक. उत्तर बहुतेक वेळा खरंही असे. पण त्या सगळ्या कागदांत 'आम्ही' एकदाही सापडले नव्हते.

"नाही," मी फोनसमोर डोकं घातलं. "सिस्टिमने काही केलं नाही. मी केलं. मी शेजारची. आपांचं घर झाडायला घेतलं आणि झाडता झाडता दारच काढून टाकलं. माझ्यामुळे उशीर झाला."

आपा माझ्याकडे वळल्या.

"तू?"

"मी. काल संध्याकाळी. आणि तुम्ही सकाळी जुन्या सिस्टिमला बोल लावलात तेव्हा मी मान डोलावली."

आपांना हसू फुटलं आणि त्या इतक्या हसल्या की फोन हलायला लागला. "मी सकाळपासून त्या मेलेल्या सिस्टिमला शिव्या घालतेय! आणि ही बसून घावन खाते!"

"कोण गो ती?" फुफीने विचारलं. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, उशीवरून जरा पुढे सरकली आणि फोनमध्ये डोकावली. चाल तीच, घरांची. कडवं मात्र कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं, त्याच क्षणी बनवलेलं.

*बावीस घरांना हलद लागली, तेविसावं दर्यापार,*
*शेजारीण आली घर झाडाया, झाडून टाकलान दार!*

मांडवात आरडाओरडा झाला. नवरी खाली मान घालून हसत होती. बोरीखालच्या घरच्या बाईने टाळ्या वाजवल्या. दर लग्नात फुफी कुणाची तरी अशी उडवतेच, आणि जिची उडवली तिने रागवायचं नसतं. उलट पुढे येऊन हळद लावायची असते. आपांनी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला, चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली आणि फोन पुढे केला. मी पडद्यावरच्या नवरीच्या गालावर बोट टेकवलं. काचेवर पिवळा ठिपका उमटला.

"परत म्हणा ना, फुफी," मी म्हटलं.

फुफीने परत म्हटलं, आणि 'झाडून टाकलान दार'ला मीही तिच्याबरोबर आवाज चढवला.